प्रश्न तुमचे, उत्तर फौजदाराचं : 'अर्धसत्य'मधली माणसं

मागच्या महिन्यात जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की नोकरीत असताना मी एकच पिक्चर तीनदा तिकीट काढून बघितला, गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य'. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. नव्या वाचकांसाठी सांगतो. १९८१ साली नाशिकच्या पोलीस ट्रेनिंग कॉलेजातून फौजदार होऊन बाहेर पडलो, बरीच वर्षं मुंबईत आणि बाहेर काढली, निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात आमच्या जुन्या घरी परत आलो. वडील पोलिसातच हवालदार होते. हे शेवटचं वाक्य आजच्या उत्तरांसाठी लागणार आहे.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनंत वेलणकर हा मुंबईतला तरुण सब-इन्स्पेक्टर. बाप पोलिसातला, गावाकडं राहणारा, त्यानंच पोराला या नोकरीत ढकललेलं. वेलणकर प्रामाणिक आहे आणि रागीट आहे. रामा शेट्टी नावाच्या गुंडाला पकडायला जातो आणि वरून फोन येतो म्हणून हात हलवत परत येतो. एका डाकूला जिवावर उदार होऊन पकडतो, श्रेय दुसऱ्यालाच मिळतं. दारू वाढते. मग एका रात्री कोठडीतल्या किरकोळ चोराला इतकं मारतो की तो मरतो. आता वाचायचं असेल तर रामा शेट्टीकडंच मदत मागावी लागणार. शेवट पत्रात येतोच आहे.

"काका, मी पीएसआयची तयारी करतोय. आमच्या अभ्यासिकेत पोरांच्या मोबाइलवर वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो ती क्लिप फिरते. म्हणून पूर्ण पिक्चर बघितला. लई हळू वाटला. आणि हिरो मधेच गरिबालाच मारतो. ह्यात एवढं भारी काय आहे?"
— एक वाचक, इचलकरंजी

बाळ, तुझं 'हिरो मधेच गरिबालाच मारतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू तक्रार म्हणून लिहिलंस. माझ्या मते अख्खा पिक्चर त्या वाक्यात आहे.

'अर्धसत्य' यायच्या दहा वर्षं आधी, १९७३ साली 'जंजीर' आला होता. त्यातही इन्स्पेक्टर चिडलेला आहे, पण त्याचा राग बरोबर माणसावर जातो. बघणारा निश्चिंत असतो, की हा ज्याला मारतो तो मार खायच्याच लायकीचा. १९८३ साली निहलानींनी दाखवलं की राग असा सरळ जात नाही. तो पाण्यासारखा उताराकडं जातो. वेलणकरचा राग आहे रामा शेट्टीवर, त्याला वाचवणाऱ्यांवर, आपल्या बापावर आणि स्वतःवर. यातला एकही जण त्याच्या हाताला लागत नाही. हाताला लागतो तो कोठडीतला माणूस, ज्याच्यासाठी कुठूनही फोन येणार नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. ठाण्याचं नाव नको. नोकरीचं दुसरं वर्ष. दुपारी एका बड्या घरच्या पोराला मारामारीत धरून आणलं होतं. तासाभरात फोन आला आणि मला त्याला सोडावं लागलं. जाताना तो माझ्याकडं बघून हसलाही नाही, नुसता केसांतून हात फिरवत निघून गेला. संध्याकाळी सायकलचोरीच्या संशयावरून एक पोरगं आणलं, एकोणीस-वीस वर्षांचं. मी त्याला विचारायला म्हणून बसलो आणि मारायला लागलो. पहिली थप्पड आठवते, पुढचं सलग आठवत नाही. आमचे ठाणे अंमलदार वयानं मोठे हवालदार होते. ते चहाचा ग्लास घेऊन मध्ये येऊन उभे राहिले. हात धरला नाही, आवाज चढवला नाही. "साहेब, चहा घ्या," एवढंच. मला ग्लास घ्यावा लागला, म्हणजे हात रिकामा राहिला नाही. सायकल चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडं सापडली.

दुपारचा फोन आणि संध्याकाळचं पोरगं, या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा माझ्या डोक्यात आला नव्हता. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, पोरगं उलट उत्तर देत होतं. तो संबंध मला थिएटरात बसल्यावर कळला. कोठडीतला सीन सुरू झाला तेव्हा माझ्या उजव्या तळहाताला घाम आला होता. वेलणकरला मध्ये येणारा हवालदार मिळाला नाही, मला मिळाला. एवढाच फरक.

तू परीक्षा देणार आहेस म्हणून कायद्याचंही ऐक. कबुली काढण्यासाठी मारणं हा गुन्हा आपल्या दंड संहितेत १८६० पासून होता, कलम ३३० आणि ३३१. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हेही इंग्रजांच्या काळापासूनच. म्हणजे वेलणकरनं मारून काढलेल्या कबुलीला कायद्यानं तेव्हाही किंमत नव्हती. कोठडीतल्या छळाबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ च्या डिसेंबरात आला. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं करायचा, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, हे सगळं तेव्हा ठाण्याच्या भिंतीवर लागलं. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हायची तरतूद २००५ च्या दुरुस्तीनं आली. ठाण्यात आणि लॉकअपबाहेर सीसीटीव्ही बसवायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०२० चा. यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी माणसाच्या मरणानंतर आलाय. नियम पाठ करशीलच. पण ज्या दिवशी दुपारी तुला वरून फोन येईल, त्या दिवशी संध्याकाळी तू काय करतोस, ते परीक्षेत विचारत नाहीत. ते या पिक्चरमध्ये विचारलंय.

क्लिपबद्दल. नुसता गळा दाबायचा सीन बघितला की वाटतं, वाघ आहे. अख्ख्या पिक्चरनंतर तोच सीन बघितला की कळतं, या माणसाकडं दुसरं काही उरलेलंच नाही. तो रामा शेट्टीकडं न्याय करायला गेलेला नसतो रे. स्वतःची नोकरी वाचवायला, हात पसरायला गेलेला असतो. मारल्यावर तो स्वतःहून हजर होतो. अभ्यासिकेतल्या पोरांना हे सांग, आणि एकदा सगळे मिळून पहिल्यापासून बघा. हळू वाटला तरी उठू नका. ठाण्यातले दिवस तसेच हळू जातात.

"सर, आम्ही कॉलेजात असताना मैत्रिणींनी मिळून हा चित्रपट पाहिला होता. परवा पुन्हा पाहिला आणि मन फार हळवं झालं. त्यातलं आता कोण कोण आहे हो?"
— एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

बाई, गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा निवृत्त पोलिसांनी कसबा बावड्यात एकाच्या घरी टीव्हीवर हा पिक्चर लावला होता. आमच्यातला एकजण प्रत्येक नवा चेहरा आला की म्हणायचा, "हा गेला." स्मिता पाटील आल्या, "ह्या तर कवाच गेल्या." असं चार-पाच वेळा झाल्यावर दुसरा म्हणाला, "गप बस की आता." मग शेवटपर्यंत कुणी बोललं नाही.

सगळ्यात आधी गेल्या त्या स्मिता पाटीलच. १३ डिसेंबर १९८६. वय अवघं ३१. 'अर्धसत्य'नंतर जेमतेम तीन वर्षं. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ही मुलगी, 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन 'उंबरठा' करून या चित्रपटात आली होती. इथं तिची, म्हणजे वेलणकरच्या प्रेयसीची, ज्योत्स्नाची, भूमिका तशी लहान आहे. पण वेलणकर बोलत असतो तेव्हा कॅमेरा ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर जातो, आणि तिला या माणसाबद्दल माया आहे आणि याचीच भीतीही वाटायला लागली आहे, हे दोन्ही तिथं एकदम दिसतं. तुम्ही-आम्ही म्हातारे झालो, ज्योत्स्ना गोखले अजून सत्तावीस-अठ्ठावीसचीच आहे. तुमचं मन हळवं झालं ते त्यामुळंही असेल.

शफी इनामदार, म्हणजे वेलणकरला दुनियादारी शिकवणारा इन्स्पेक्टर हैदर अली. हे दापोलीकडचे. १३ मार्च १९९६ ला, वर्ल्ड कपची भारत-श्रीलंका सेमीफायनल बघता बघता हृदयविकारानं गेले. पन्नाशीत. त्यांचा हैदर अली मला या चित्रपटातला सगळ्यात खरा पोलीस वाटतो. तो वाईट नाही, भ्याडही नाही. कुठला दरवाजा ठोठावला की कुठली फाइल हलते, हे त्याला ठाऊक आहे, आणि ते तो मित्रासाठी वापरतो. असे हैदर अली मी प्रत्येक ठाण्यात बघितले, काहींनी मलाही वाचवलं. इनामदारांनी त्याला खलनायक केला नाही आणि साधूही केला नाही.

अमरीश पुरी १२ जानेवारी २००५ ला गेले, ७२ व्या वर्षी. 'मोगॅम्बो' नंतरचा, १९८७ चा. इथं ते वेलणकरचे वडील आहेत. अमरीश पुरींचा जन्म १९३२ चा आणि ओम पुरींचा १९५० चा, म्हणजे पडद्यावरच्या या बाप-लेकांत प्रत्यक्षात फक्त १८ वर्षांचं अंतर. तरी तो बाप घरात आला की ओम पुरींचे खांदे पोरासारखे आत जातात, बघा एकदा.

ओम पुरी ६ जानेवारी २०१७ ला गेले. वय ६६. मी आता त्या वयाच्या पुढं गेलोय, आणि याची सवय व्हायला मला वेळ लागला. आमच्या पिढीच्या पोलिसांना ओम पुरी म्हणजे आपल्यातला एक वाटायचा. देवीचे व्रण असलेला चेहरा, साधा बांधा. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं तशीच दिसायची. 'आरोहण' आणि 'अर्धसत्य', अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय पारितोषिकं त्यांना मिळाली, आणि याच भूमिकेसाठी १९८४ साली कार्लोव्ही व्हेरीच्या महोत्सवातही ते सर्वोत्तम अभिनेते ठरले. ज्या १९८३ साली ते वेलणकर होते, त्याच साली 'जाने भी दो यारों'मध्ये दारू प्यायलेला बिल्डर आहुजा होऊन शवपेटीशी गप्पा मारत होते. दोन्ही चित्रपटांचं संकलन रेणू सलुजांचं. त्याही २००० साली गेल्या, आणि त्यांचं नाव प्रेक्षकांच्या तोंडात कधी आलंच नाही, याचं मला वाईट वाटतं. कोठडीतला तो सीन किती वेळ दाखवायचा आणि कुठं तोडायचा, हे कुणीतरी कात्री हातात घेऊन ठरवलंच असणार ना.

अच्युत पोतदार आहेत अजून असं म्हणता म्हणता २०२५ च्या ऑगस्टात तेही गेले. आधी लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमा. आताच्या पोरांना ते 'थ्री इडियट्स'चे प्रोफेसर म्हणून माहीत.

आणि नसीरुद्दीन शाह आहेत. पंचाहत्तरीच्या घरातले, अजून काम करणारे. या चित्रपटात ते निलंबित इन्स्पेक्टर माइक लोबो आहेत, दारूनं रस्त्यावर आलेला. दोन-तीनच प्रसंग. वेलणकर त्याच्याकडं बघतो ते आरशात बघितल्यासारखं. ज्यांनी पडद्यावर सगळ्यात आधी संपलेला माणूस उभा केला, ते आज या कंपूत आपल्यापुढं आहेत, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते.

"चित्रपट हिंदी. मग आपण कोल्हापूर-सांगलीकडची माणसं त्याला आपला म्हणतो ते कशामुळं?"
— एक वाचक, जयसिंगपूर

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. संवाद वसंत देवांचे. चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्र्यांची. नायकाचं आडनाव वेलणकर, नायिकेचं गोखले. हिंदी बोलणारी मराठी माणसं आहेत ती. मुंबईच्या ठाण्यात आम्ही साहेबाशी मराठी, आरोपीशी हिंदी आणि रागात पुन्हा मराठी बोलायचो, त्यामुळं मला ते कधी परकं वाटलं नाही.

पण यात आणखी एक धागा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ओम पुरींचं पडद्यावरचं अगदी सुरुवातीचं काम मराठीतलंच, १९७६ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये, घाशीराम म्हणून. तेही तेंडुलकरांचंच. आता बघा, घाशीराम कोण? पुण्याचा कोतवाल, म्हणजे पोलीसच. परगावाहून आलेला, भर पुण्यात अपमान झालेला माणूस. अपमान केला बड्यांनी. सत्ता हातात आल्यावर तो चिरडतो कुणाला, तर सापडेल त्याला. आणि ज्या नानानं त्याला कोतवाल केलं तोच त्याला शेवटी जमावाच्या हवाली करतो. सात वर्षांनी तोच लेखक, तोच नट, अंगावर खाकी आणि गाव मुंबई. घाशीरामकडं चांगुलपणा नव्हता, वेलणकरकडं आहे. तरी दोघांचा हात शेवटी पडतो तो असहाय माणसावरच. तेंडुलकरांनी एकच प्रश्न दोनदा विचारलाय, आणि दुसऱ्यांदा तो जास्त टोचतो, कारण वेलणकर आपल्याला आवडतो.

कवितेचंही सांगतो. वेलणकर हॉटेलात बसून ज्योत्स्नासमोर ती वाचतो. सुरुवात गमतीत, पुस्तक आलं हातात म्हणून. दोन-चार ओळींनंतर आवाज बदलतो, कारण चक्रव्यूहात शिरणारा तो माणूस आपणच आहोत हे त्याला वाचता वाचता कळतं. गुन्हेगारीच्या पिक्चरमध्ये मध्यावर कविता, आणि आमच्या टॉकीजमध्ये पिटातली माणसंसुद्धा गप्प झाली होती. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, त्या गावातला प्रेक्षक आहे तो. चांगलं काय ते त्याला सांगावं लागत नाही.

"रामा शेट्टी एवढा शांत का? आणि अमरापूरकर त्या आधी कुठं होते?"
— एक वाचक, गारगोटी

शांत, कारण त्याला घाई नाही. ज्याच्यासाठी फोन उचलला जातो त्याला आवाज चढवायची गरज पडत नाही. तोवर हिंदीतला खलनायक म्हणजे गॉगल, अड्डा, मोठमोठ्यानं हसणं. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी घरगुती कपड्यात बसतो, कामाचं तेवढंच बोलतो. मला प्रत्यक्षात जे दोन-तीन भेटले ते असेच होते. एकानं मला नारळपाणी विचारलं होतं.

अमरापूरकर नगरचे, मूळ नाव गणेशकुमार नरवडे. मराठी रंगभूमीवर कामं करत होते, 'हँड्स अप' नाटकात निहलानींच्या नजरेत आले. त्याआधी '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळक केले होते. टिळक करणारा नट चार वर्षांत रामा शेट्टी झाला आणि दोन्ही वेळा लोकांनी विश्वास ठेवला. 'अर्धसत्य'साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. १९९१ च्या 'सडक'मधल्या महाराणीसाठी पुन्हा मिळालं, तेव्हा खलनायकाचा पुरस्कार पहिल्यांदाच सुरू झाला होता.

पण त्यांच्याबद्दल मला एक वेगळीच गोष्ट आठवते. २०१३ च्या दुष्काळात होळीला मुंबईत पाण्याची नासाडी चालली होती, ती थांबवा म्हणून सांगायला ते गेले आणि त्यांना मारहाण झाली. साठी ओलांडलेला माणूस. पडद्यावर ज्याच्या एका फोननं फौजदार मागं फिरला, त्यानं रस्त्यावर पाण्यासाठी मार खाल्ला. ३ नोव्हेंबर २०१४ ला ते गेले, अंत्यसंस्कार नगरला झाले. ही बातमी वाचली तेव्हा मी बंदोबस्ताच्या गाडीत होतो. शेजारच्या तरुण शिपायाला म्हटलं, रामा शेट्टी गेला. तो म्हणाला, "कुठल्या हद्दीतला, सर?"

"माझे वडील पोलिसात होते. हा चित्रपट त्यांनी आम्हाला कधी बघू दिला नाही. आता बघितला. ज्योत्स्ना त्याच्यापासून दूर होते ते मला पटलं आणि पटल्याचं वाईटही वाटलं. तिचं चुकलं का?"
— एक वाचक भगिनी, कागल

ताई, नाही. तिचं चुकलं नाही. वेलणकर तिच्यावर हात उचलत नाही, तिच्यासाठी उचलतो. बसमध्ये तिची छेड काढणाऱ्याला तो किती मारतो, ते ती बघते. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये नायिका तिथं प्रेमात पडली असती. ही घाबरते. आज माझ्यासाठी उठलेला हात उद्या कुणावर उठेल, हे तिला कळतं. आणि अनंतला स्वतःलाही ते माहीत आहे, कारण तो अशाच घरात वाढलाय. बाप आईला मारायचा आणि आपण लहान होतो म्हणून काही करू शकलो नाही, हे तो तिलाच सांगतो.

तुमच्या वडिलांनी तो का बघू दिला नाही, ते मी कसं सांगणार? माझ्या वडिलांचं सांगतो, कारण तुमचं पत्र वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

१९८३ ची दिवाळी. मी रजेवर कोल्हापूरला आलो होतो. वडील निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पोलिसांचा पिक्चर लागलाय म्हणून मीच त्यांना सहाच्या खेळाला लक्ष्मीपुरीत घेऊन गेलो. नोकरीत असताना ते रोज सकाळी पट्ट्याचं बक्कल ब्रासो लावून चकचकीत करायचे, आणि तो पट्टा दाराच्या मागं खिळ्याला असायचा. तो पट्टा फक्त कंबरेला लागायचा नाही, हे आमच्या पोलीस लाईनीत शेजारच्यांना माहीत होतं, आणि शेजारच्यांचं आम्हाला. त्यावर कुणी बोलायचं नाही. अमरीश पुरी पडद्यावर आले तेव्हा वडील पाणी पिऊन येतो म्हणून उठले. बराच वेळ आले नाहीत. मी बाहेर गेलो तर सायकल स्टँडजवळ उभे होते. म्हणाले, "तू बघ, मी आहे हितं." मी आत गेलो. पिक्चर सुटल्यावर आम्ही गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यालो आणि घरी आलो. त्यांनी शेवट काय झाला ते विचारलं नाही, मी सांगितला नाही.

आईनं तो बघितला चार-पाच वर्षांनी. व्हिडिओचं मशीन भाड्यानं आणलं होतं, दोन कॅसेटी होत्या. एक देवाची, तिच्यासाठी, आणि एक ही. देवाची संपली तरी ती उठली नाही. वडील कॉटवर होते. अनंत ज्योत्स्नाला लहानपणीचं सांगतो तो प्रसंग आला. आई पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "तुला एवढं सगळं आठवतं व्हय रे?"

पिक्चरमधला अनंत बोलत होता आणि ती मला विचारत होती. मी हो म्हणालो.

पिक्चर संपला. कॅसेट परत द्यायला मी उठलो तर वडील चप्पल घालत म्हणाले, "दे हिकडं, मी जातो." दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. ते तासाभरानं परत आले.